हिंगण्याची पायवाट

पुण्यात कर्वे हे नाव इतक्या ठिकाणी भेटते की ते एका माणसाचे नाव आहे, याचा विसर पडावा. कर्वे रस्ता, कर्वे पुतळा, कर्वेनगर. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना ही नावे सहज ओठांवर येतात आणि तितक्याच सहज विरून जातात. कोथरूडकडून वारज्याकडे जाताना लागणारे कर्वेनगर आज गृहसंकुलांचे, खानावळींचे, विद्यार्थिनींच्या वसतिगृहांचे आणि अखंड वाहतुकीचे उपनगर आहे. या वस्तीचे मूळ नाव हिंगणे बुद्रुक. मुठेच्या पलीकडच्या काठावर हिंगणे खुर्द, अलीकडे हिंगणे बुद्रुक, अशी ही दोन जुनी गावे. सव्वाशे वर्षांपूर्वी पुणे शहर येथून चांगलेच दूर होते. मध्ये शेते होती, मोकळे रान होते आणि पावसाळ्यात चिखलाने भरून जाणारी एक पायवाट होती. १९०० साली फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे एक मध्यमवयीन प्राध्यापक दिवसभराचे अध्यापन आटोपून रोज संध्याकाळी या पायवाटेने चालत येत. शहरातून आणलेले सामानसुमान खांद्यावर असे. वाटेच्या टोकाला एक झोपडी होती आणि त्या झोपडीत काही विधवा मुली पाटी-पुस्तक घेऊन त्यांची वाट पाहत असत.

धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र आपल्याकडे बहुधा ऋषीच्या चरित्रासारखे सांगितले जाते. महर्षी ही पदवी नावामागे लागली की पुढच्या सगळ्या गोष्टी आपोआप दिव्य होऊन बसतात. वास्तविक कर्वे यांच्या आयुष्यात दिव्य असे फार थोडे आहे. ते वक्ते नव्हते. सभेत उभे राहिले की संकोचून जावे, असा त्यांचा स्वभाव. लेखणीत टिळक-आगरकरांचे तेज नव्हते. घरात पैसा नव्हता आणि पाठीशी एखादे संस्थानही नव्हते. जे होते ते एवढेच, की समोर आलेल्या अडचणीवर आपल्या ऐपतीत बसणारा तोडगा शोधायचा आणि तो लागू पडेपर्यंत सोडायचा नाही.

त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यातील शेरवली येथे आजोळी झाला. घर दापोलीजवळच्या मुरूडचे. विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा ईश्वरचंद्र विद्यासागर यांच्या प्रयत्नांनी १८५६ साली संमत झाला होता. म्हणजे कर्वे जन्मले तेव्हा तो कायदा दोन वर्षांचा होता. कोकणातल्या मुरूडला अर्थातच त्याची गंधवार्ता नव्हती. गावात एक सोमण गुरुजी होते. गावाचे भले गावानेच करायचे असते, हा संस्कार त्यांनी मुलांवर केला. गावकऱ्यांना देवळात वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचे काम त्यांनी लहान धोंडूकडे सोपवले होते. लाजऱ्या मुलाला लोकांसमोर उभे करण्याची ही युक्ती म्हणावी लागेल.

साताऱ्याच्या परीक्षेची कथा अनेकांनी शाळेत वाचली असेल. मराठी सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती. पावसाळी हवेमुळे मुंबईकडे जाणारी बोट मिळेना, म्हणून सतरा वर्षांचा हा मुलगा काही सोबत्यांबरोबर घाट चढून साताऱ्याला पायी गेला. शंभर मैलांहून अधिक अंतर त्याने चार दिवसांत कापले. तेथे परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिले आणि मुलगा वयाने लहान दिसतो, असे ठरवून परीक्षेला बसूच दिले नाही. आल्या पावली परत. पुढच्या वर्षी तो कोल्हापूरहून परीक्षा उत्तीर्ण झाला. ही कथा जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते आणि ते बरोबरच आहे. पण नकार मिळाल्यावर आकांडतांडव न करता दुसरी वाट शोधायची, ही आयुष्यभराची सवय येथेच दिसते, तिचा उल्लेख क्वचित होतो.

शिक्षण रेंगाळत झाले. मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेतून १८८१ मध्ये ते मॅट्रिक झाले, तेव्हा वय तेवीस होते. १८८४ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित घेऊन बी. ए. झाले. त्या काळच्या रीतीप्रमाणे लग्न पौगंडावस्थेतच झालेले होते. पत्नी राधाबाई, मुलगा रघुनाथ. मुंबईत शाळांमधील अध्यापन, त्याआधी आणि नंतर खासगी शिकवण्या, असा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस. या मिळकतीत गावाकडचे नातेवाइकांचे विद्यार्थीही घरी राहून शिकत. त्यांपैकीच एक मामेभाऊ रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. हेच पुढे १८९९ साली केंब्रिजचे सीनियर रँग्लर झाले. मुरूडच्या नोकरदार मंडळींनी आपल्या उत्पन्नातील अल्पसा भाग गावासाठी बाजूला काढावा, यासाठी कर्वे यांनी मुरूड फंड काढला तोही याच मुंबईच्या वास्तव्यात. थोड्या माणसांकडून थोडे थोडे, पण नियमाने. ही रीत पुढे त्यांच्या प्रत्येक कामात दिसते.

१८९१ साल उलथापालथीचे ठरले. राधाबाईंचे निधन झाले. त्याच वर्षी एल्फिन्स्टनमधले सहाध्यायी गोपाळ कृष्ण गोखले यांचे बोलावणे आले. टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले होते आणि फर्ग्युसन महाविद्यालयाला गणित शिकवणारा माणूस हवा होता. कर्वे पुण्यास आले, सोसायटीचे आजीव सदस्य झाले आणि दरमहा ७५ रुपये वेतनावर १९१४ पर्यंत गणित शिकवत राहिले.

पत्नीच्या निधनानंतर पुन्हा लग्न करावे, असा घरच्यांचा आग्रह सुरू झाला. तेहतीस-चौतीस वर्षांच्या विधुराला दहा-बारा वर्षांची मुलगी सहज मिळत असे, आणि त्याच वयाच्या विधवेचे मात्र केशवपन होऊन तिची रवानगी माजघराच्या अंधारात होत असे. कर्वे यांनी लग्न करायचे तर विधवेशीच, असे ठरवले. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई बालपणीच विधवा झाली होती. लग्नानंतर काही महिन्यांतच तिचा पती वारला होता. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा तेथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी हीच. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे सारे त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखू लागले.

विवाहाची बातमी मुरूडला पोहोचली आणि गावाने बहिष्काराचा ठराव केला. ज्या गावासाठी फंड काढला, त्याच गावात नवविवाहित जोडप्याला स्वतःच्या घरी उतरण्याची सोय राहिली नाही. थोरल्या भावाने धाकट्याला घरात घेतले तर त्याच्या कुटुंबालाही वाळीत टाकले जाईल, अशी तंबी होती. म्हाताऱ्या आईचे यात काय झाले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. कर्वे यांनी गावाशी भांडण मांडले नाही आणि घेतलेला निर्णयही बदलला नाही.

त्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. लवकरच त्यांच्या ध्यानात आले की उत्तेजन हा शब्दच लोकांना बोचतो. १८९५ मध्ये मंडळीचे नाव बदलून विधवाविवाह प्रतिबंध निवारक मंडळी असे करण्यात आले. लग्न करा, असा आग्रह नाही. करणाऱ्याला आडवे येऊ नका, एवढीच मागणी. शब्दांचा हा फेरफार काहींना माघार वाटला. प्रत्यक्ष कामात मात्र वेगळेच दिसत होते. गावोगाव हिंडून एखाददुसरे लग्न लागे आणि त्या जोडप्याभोवती समाज भिंत उभी करी. हजारो विधवांपैकी पुनर्विवाहाचे धैर्य दाखवू शकणाऱ्या किती असणार? ज्यांना मुले आहेत, ज्यांना लग्न नकोच आहे, ज्यांच्या घरचे कधीच मान्यता देणार नाहीत, त्यांनी काय करायचे? त्यांना हवे होते ते पायावर उभे राहण्याचे साधन. म्हणजे शिक्षण.

शारदा सदन १८९० मध्ये पुण्यात आले होते. परंतु तेथे मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, असा वाद १८९३ मध्ये पेटला आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. वाद घालणारे पुष्कळ होते. काढून घेतलेल्या त्या मुलींनी आता शिकायचे कुठे, या प्रश्नाकडे फारसे कोणी वळले नाही. कर्वे वळले. १४ जून १८९६ रोजी त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. अध्यक्ष डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. पहिली मोठी देणगी कर्वे यांची स्वतःची होती, शिल्लक टाकलेल्या एक हजार रुपयांची. पुढे आपली पाच हजार रुपयांची विम्याची पॉलिसीही त्यांनी आश्रमाला देऊन टाकली.

या विम्याच्या गोष्टीपाशी थोडे थांबले पाहिजे. चरित्रकार ती त्यागाची कथा म्हणून सांगतात. घरात बसलेल्या बायांच्या बाजूने पाहिले तर चित्र बदलते. लहान मुले पदरात, नवऱ्याचे वेतन ७५ रुपये, समाजाने टाकलेले, उद्या काही बरेवाईट झाले तर सासर-माहेरचा आधार नाही, आणि होते नव्हते ते संरक्षणही आश्रमाच्या नावे. त्या दुखावल्या, यात नवल नाही. त्यांनी घर काटकसरीने चालवले, परक्यांची मुले सांभाळली, आणि उतारवयात माझे पुराण या नावाने आपली हकीकतही सांगितली. अण्णांविषयीचा आदर आणि त्यांच्या संसारातील अलिप्ततेविषयीची तक्रार, दोन्ही तिच्यात शेजारी शेजारी नांदतात. समाजासाठी शोधलेल्या उपायांची किंमत बहुतेक वेळा घरातले कोणीतरी मोजत असते. कर्वे यांच्या बाबतीत ती बायांनी मोजली, हे नोंदवल्यावाचून त्यांचे चरित्र पुरे होत नाही.

आश्रम प्रथम पुणे शहरात सुरू झाला. तोवर प्लेगने शहराला विळखा घातला होता. माणसे घरे सोडून रानात झोपड्या बांधून राहत होती. अशा वेळी मुलींना गावात ठेवणे धोक्याचे होते. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे बुद्रुक येथील सहा एकर जमीन आणि ७५० रुपये देऊ केले. त्यातून एक साधी झोपडी उभी राहिली आणि १९०० साली आश्रम हिंगण्यास आला. प्लेग ही आपत्ती खरी. परंतु शहराच्या वर्दळीपासून आणि कुत्सित नजरांपासून लांब असलेली ही जागा विधवांच्या संस्थेला एका अर्थी मानवली, असेच म्हणावे लागेल. येथे कोणी त्यांच्या सावलीला विटाळ मानणारे नव्हते.

मग ती रोजची पायपीट सुरू झाली. महाविद्यालयातील तास संपले की कर्वे हिंगण्याची वाट धरत. रात्री मुलींना शिकवायचे, तेथेच राहायचे आणि सकाळी पुन्हा शहर गाठून गणिताचा तास घ्यायचा. पावसाळ्यात वाट अशी होई की पाय रुतून बसावा. हा क्रम सुमारे दोन वर्षे चालला. सुटीचे दिवस वर्गणीसाठी राखून ठेवलेले. परगावी जायचे, ओळखीच्या-अनोळखी घराची कडी वाजवायची, आश्रमाची माहिती द्यायची आणि मिळेल ती रक्कम घ्यायची. चार आणे मिळाले तरी पावती तितक्याच आदराने द्यायची. कोणी अपमान केला तर पुढच्या घरी जायचे. मोठ्या देणगीदाराची वाट पाहत थांबले असते तर हिंगण्याचे रान रानच राहिले असते. चार आण्यांच्या देणगीत आणखी एक गोष्ट होती. ज्याने चार आणे दिले, त्याच्या घरात विधवेच्या शिक्षणाची चर्चा एकदा तरी झाली. संस्था पुढे भाऊबीज निधी गोळा करू लागली, त्यामागेही हीच दृष्टी होती. दिवाळीत बहिणीला ओवाळणी घालायची, तशी आश्रमातल्या अनोळखी बहिणींसाठीही काही बाजूला काढावे, ही कल्पना मराठी घरांना समजावून सांगावी लागली नाही.

तथापि आश्रम चालला तो एकट्या कर्वे यांच्यामुळे, अशी समजूत असेल तर ती दूर केली पाहिजे. ज्यांच्यासाठी तो काढला, त्याच स्त्रियांनी तो चालवला. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले वयाच्या विशीत विधवा झाल्या. पदरात लहान मुलगा होता. पाय अधू. शिक्षण जवळजवळ नाहीच. सव्विसाव्या वर्षी त्या आश्रमाशी जोडल्या गेल्या आणि मुळापासून शिकू लागल्या. पुढे त्यांनी आश्रमाचे व्यवस्थापन सांभाळले आणि नंतर गावोगाव व्याख्याने देऊन निधी जमवू लागल्या. सोवळी विधवा सभेत उभी राहून बोलते आहे, हे दृश्यच तेव्हा अघटित होते. १९१२ मध्ये त्यांनी केशवपन थांबवले. इतकी वर्षे ते चालू ठेवले होते, यामागे रूढीची भीती होती तसा हिशेबही असावा. सनातनी घरांतून मुली मिळवायच्या तर त्या घरांना ओळखीचे वाटेल, असे रूप घेऊन दारात जाणे उपयोगी पडत होते. १९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्या इंग्रजी शिकण्यासाठी आणि आश्रमाला मदत मिळवण्यासाठी अमेरिकेला गेल्या. तेथे परक्यांच्या घरी घरकाम करून राहिल्या. वेणूबाई नामजोशी आणि काशीबाई देवधर यांनीही आयुष्य या संस्थेला वाहिले. या बायकांची नावे एकाही मोठ्या रस्त्याला नाहीत. असो.

आश्रमासाठी कर्वे यांनी एक तडजोड केली, तिच्यावर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. स्वतः पुनर्विवाह केलेल्या या माणसाने आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही, असे ठरवले आणि पुनर्विवाहाच्या चळवळीतून जवळजवळ अंग काढून घेतले. सुधारकांना हा कच्चेपणा वाटला. पण मुलगी आश्रमात पाठवली की तिचे लग्न लावून देतील, अशी धास्ती पालकांना असती तर एकही मुलगी आली नसती. शिक्षण आणि पुनर्विवाह या दोहोंतून एकाची निवड करणे भाग होते आणि त्यांनी शिक्षण निवडले. माझ्या मते या निवडीचे समर्थन करता येते. दुसऱ्या मर्यादेचे समर्थन तितके सोपे नाही. आरंभीच्या काळात आश्रमात प्रामुख्याने ब्राह्मण कुटुंबांतल्या विधवा असत. सक्तीच्या वैधव्याची आणि केशवपनाची रूढी त्या जातींत अधिक कठोर होती, हे खरे. परंतु ज्या पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पन्नास वर्षांपूर्वी सर्व जातींच्या मुलींसाठी शाळा काढल्या होत्या आणि १८६३ मध्ये फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते, त्याच पुण्यात हे काम एवढ्याच वर्तुळात फिरत राहिले. कर्वे यांना याची जाणीव नव्हती असे नाही. ती कृतीत यायला मात्र बराच काळ जावा लागला.

विधवांना शिकवता शिकवता प्रश्नाचे मूळ आणखी मागे आहे, हे त्यांना दिसत गेले. आठव्या-दहाव्या वर्षी मुलीचे लग्न होते, म्हणून बाराव्या वर्षी ती विधवा होते. कुमारिकांना शिकवत ठेवले तर लग्नाचे वय आपोआप पुढे जाईल. या विचाराने १९०७ साली महिला विद्यालय सुरू झाले. कामाला आजन्म वाहून घेणारी माणसे मिळावीत म्हणून निष्काम कर्म मठाची स्थापना झाली. एका प्रश्नाच्या उत्तरातून पुढचा प्रश्न, आणि त्यासाठी पुढची संस्था. आराखडा आधी आणि काम नंतर, असे कर्वे यांच्या बाबतीत कधी घडले नाही.

महिला विद्यापीठाचा जन्मही असाच, जवळजवळ अपघाताने झाला. काशीचे शिवप्रसाद गुप्त जपानला जाऊन आले होते. त्यांनी टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका कर्वे यांना पाठवली. ती काही काळ तशीच पडून राहिली. १९१५ च्या अखेरीस मुंबईत भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद कर्वे यांच्याकडे आले. भाषणाची तयारी करताना ती पुस्तिका पुन्हा हाती लागली आणि मातृभाषेतून शिकवणारे स्त्रियांचे स्वतंत्र विद्यापीठ, ही कल्पना त्यांनी परिषदेपुढे मांडली. परिषद संपल्यावर कल्पना विसरून जाण्याचा प्रघात त्यांना मान्य नसावा. १९१६ च्या जूनमध्ये विद्यापीठ स्थापन झाले. कुलपती डॉ. भांडारकर, कुलगुरू रँग्लर परांजपे. हिंगण्यात वर्ग सुरू झाले तेव्हा विद्यार्थिनी होत्या पाच. सरकारची मान्यता नव्हती. त्यामुळे येथील पदवीला नोकरीच्या बाजारात मोल नव्हते. पदवीचे नाव गृहीतागमा. इंग्रजी विषय होता, पण शिकवण्याची भाषा मराठी. इंग्रजी माध्यमाच्या पदवीचा तो काळ पाहता हे वेडे धाडस होते. आज मुलांना कोणत्या माध्यमात घालावे, यावर कर्वेनगरच्या सोसायट्यांमध्ये झडणाऱ्या चर्चा ऐकल्या की त्या पाच मुलींच्या पालकांची आठवण होते.

१९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. एसएनडीटी ही अक्षरे तीच. १९३६ मध्ये विद्यापीठ मुंबईला गेले आणि १९५१ मध्ये त्याला कायद्याने मान्यता मिळाली. म्हणजे पाच विद्यार्थिनींपासून सरकारी शिक्क्यापर्यंत पस्तीस वर्षे. त्या दरम्यान, सत्तरी ओलांडल्यावर, कर्वे युरोप, अमेरिका, जपान आणि नंतर आफ्रिका हिंडून आले. चार आण्यांची पावती देणारा माणूस परदेशातही त्याच पद्धतीने लोकांच्या दारी उभा राहत होता.

घरातही सगळे सुरळीत नव्हते. थोरले चिरंजीव रघुनाथ यांनी संततिनियमनाचा विषय हाती घेतला, १९२१ मध्ये मुंबईत केंद्र काढले, १९२७ मध्ये समाजस्वास्थ्य मासिक सुरू केले, खटले आणि हेटाळणी सोसली. बाप ज्या स्त्रियांना शिक्षण देत होता, त्यांच्याच देहाच्या दुःखाला मुलगा हात घालत होता. एकाची पद्धत समजुतीची, दुसऱ्याची थेट भिडण्याची. समाजाने एकाला महर्षी केले आणि दुसऱ्याला जिवंतपणी जवळजवळ वाळीत टाकले. मुरूडच्या बहिष्काराची पुनरावृत्ती, फक्त गाव मोठे. धाकट्यांपैकी शंकर आफ्रिकेत डॉक्टर झाले. दिनकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांच्या पत्नी म्हणजे इरावती कर्वे. भास्कर यांनी हिंगण्याच्या संस्थेतच काम केले.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस निवृत्तीचाही कंटाळा आल्याच्या वयात असतो. कर्वे यांनी १९३६ मध्ये महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. ज्या खेड्यांत सरकारी शाळा नाही, तेथे शाळा काढायची, एवढा साधा हेतू. त्यासाठी हा वृद्ध पुन्हा पुण्याच्या गल्लीबोळांतून वर्गणीची वही घेऊन फिरू लागला. १९४४ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी समता संघ काढला आणि मानवी समता हे मासिक सुरू केले. जातींमधील उच्चनीचता जाणे हे त्या संघाचे उद्दिष्ट. आश्रमाच्या आरंभीच्या दिवसांत जे करता आले नाही किंवा केले नाही, ते काम त्यांनी आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यावर हाती घेतले. उशीर झाला होता हे उघड आहे. पण शहाऐंशीव्या वर्षी स्वतःच्या जुन्या कामाची मर्यादा ओळखून नवे काम सुरू करणारी माणसे किती सापडतील?

बाया १९५० मध्ये गेल्या. मानसन्मान त्यानंतर आले. १९५५ मध्ये पद्मविभूषण, आणि १९५८ मध्ये वयाची शंभर वर्षे पूर्ण होत असताना भारतरत्न. त्याच वर्षी त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले. हयात भारतीयावर निघालेले ते स्वतंत्र भारतातील पहिले तिकीट. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

हिंगणे बुद्रुकचे कर्वेनगर झाले. अनाथ बालिकाश्रमाची हिंगणे स्त्री शिक्षण संस्था झाली आणि तिचीच पुढे महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था. एकेकाळी विधवांना बाराखडी शिकवणाऱ्या या आवारात १९९१ पासून कमिन्स महाविद्यालयात मुली अभियांत्रिकी शिकतात. वास्तुशास्त्राचे महाविद्यालय त्याआधीच सुरू झाले होते. संस्थेने आपली पहिली झोपडी आठवण म्हणून जपली आहे. सकाळी साडेनऊच्या सुमारास दुचाक्यांवरून आवारात शिरणाऱ्या मुलींच्या वाटेवर ती एका बाजूला उभी असते. त्यांना तासाची घाई असते.